एफटीओ काच: घ्या, पण दुकानात कापून घेऊ नका

सोलर सेल किंवा गॅस सेन्सरचं प्रोजेक्ट करणाऱ्या पुण्याच्या पाषाण-गणेशखिंडीतल्या विद्यार्थ्यांसाठी आधी निकाल सांगतो: पेठेत मिळणारी ही १०० × १०० मिमीची, २.२ मिमी जाड एफटीओ काच (फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीज वाहणारा थर असलेली) पैसे वसूल करते.

लेबलवर ७ ओहम प्रति चौरस असं छापलंय, म्हणजे थराच्या कुठल्याही चौकोनी तुकड्याच्या समोरासमोरच्या कडांमधला रोध. मल्टिमीटरची टोकं नुसती टेकवली तर १५-२० ओहम दिसतात; घाबरू नका. टोक काचेला एका बिंदूपुरतंच टेकतं, म्हणून आकडा फुगतो. २० मिमीच्या चौकोनी तुकड्याच्या समोरासमोरच्या कडांवर सिल्व्हर पेस्टची सलग पट्टी ओढून मोजलं, तेव्हा ८ आला.

खरा कस भट्टीत लागतो. सोलर सेलसाठी काचेवर दिलेला टिटॅनियम डायऑक्साइडचा थर ४५० अंश सेल्सिअसवर अर्धा तास भाजावा लागतो. आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइडचा थर असलेली काच) हवेत एवढी तापवली की तिच्यातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा भरतात आणि रोध कित्येक पट चढतो. एफटीओत टिन ऑक्साइडमधल्या काही ऑक्सिजनच्या जागी फ्लोरीन बसलेलं असतं, ते जागा सोडत नाही. ही काच भाजल्यावर ८ वरून जेमतेम ९ वर गेली. ५५० च्या वर मात्र नेऊ नका, खालची सोडा-लाइम काच वाकते.

एचिंगही, म्हणजे नको तिथला थर आम्लाने काढणंही, नीट होतं. ठेवायचा भाग कॅप्टॉन टेपने (पॉलिइमाइडची चिकटपट्टी) झाका, उरलेल्यावर झिंक पावडरचा ओला लेप द्या आणि फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) २ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडा. मिनिटभर फसफसू द्या, इअरबडने पुसा. करडा राप उरला तर पुन्हा तेच. दोन भागांमध्ये मेगाओहम दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. सेल शॉर्ट होतो तो बहुतेकदा इथल्याच आळसाने.

धुण्यात नवीन काही नाही: साबणपाणी, डीआय (आयनमुक्त) पाणी, अॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), प्रत्येकी १५ मिनिटं सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात).

राग येतो तो हाताळणीचा. काचा एकमेकींवर रद्दी पेपर घालून रचतात, थरावर शाई उमटते. दुकानात कटर थेट वाहक बाजूवरून फिरवतात. काचेचा चुरा थरावर घासला जातो आणि नंतर नेमक्या त्या ओरखड्यावर फिल्म सुटते. अख्खी काच आणा, मल्टिमीटरने वाहक बाजू ओळखा, ती टिश्यूवर पालथी ठेवा आणि मागच्या बाजूने डायमंड कटरची एकच रेघ मारा. दुसऱ्यांदा रेघ मारली की कड दातेरी तुटते.