"ग्राऊंड तुझं तू काढ, लेखीचं मी बघतो"

माझ्या धाकट्या भावाला पोलीस भरतीच्या नावाखाली एकाने तीन लाखांना बुडवलं. तो माणूस अजून मोकळा फिरतोय आणि पुढची भरती निघाली की पुन्हा मैदानावर हजर होणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही विक्रोळीत राहतो. भाऊ पहाटे कन्नमवार नगरात पोरांबरोबर सराव करायचा. १६०० मीटर, १०० मीटर, मग सव्वासात किलोचा गोळा. तिथेच हा माणूस यायचा. पोलिसांसारखे बारीक कापलेले केस, पायात तपकिरी बूट, आणि फोन सतत कानाला: "हो साहेब, पोरगं चांगलं आहे साहेब." पोरांना वडापाव खाऊ घालायचा, टायमिंग घ्यायचा, धाप लागलेल्याच्या पाठीवर हात ठेवायचा. मंत्रालयात ओळख आहे, असं स्वतः कधीच म्हणाला नाही. ते त्याच्याबरोबरची दोन पोरं बोलायची.

त्याचं एकच वाक्य ठरलेलं: "ग्राऊंड तुझं तू काढ, लेखीचं मी बघतो."

या वाक्यातच सगळी मेख आहे. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात निम्मे गुण पडले तरच पुढे, आणि लेखीला जागेमागे दहाजणच बोलावतात. म्हणजे मैदान मारून लेखीपर्यंत गेलेली पोरं मुळातच तयारीची असतात. अशा वीस पोरांकडून पैसे घेतले तर दोघं-तिघं स्वतःच्या कष्टाने लागणारच. त्यांचे पैसे हा "काम झालं" म्हणून ठेवतो आणि त्यांनाच पुढच्या पोरांसमोर पुरावा म्हणून उभं करतो. बाकीच्यांना "वेटिंगला नाव आहे" म्हणून झुलवत ठेवतो. त्याने कुठेही काहीही केलेलं नसतं.

भावाला मैदानात ४१ पडले. त्या रात्री तो माणूस आमच्या घरी पेढे घेऊन आला. "काका, आता मागे हटू नका, पोराचं आयुष्य आहे." बाबांच्या फंडातले तीन लाख रोख गेले, उरलेले चार निवड झाल्यावर द्यायचे ठरले. आणि "सेक्युरिटी" म्हणून बारावीचं मूळ मार्कशीट, जातवैधता आणि डोमिसाईल त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेलं. पैशांपेक्षा मला हेच जास्त भयंकर वाटतं. पैसा आज ना उद्या कमावता येतो, पण मूळ कागद दुसऱ्याच्या हातात गेले की पोरगं बांधलं जातं. दुसऱ्या एका भरतीत कागदपत्र तपासणीचा दिवस आला तेव्हा भावाकडे दाखवायला फक्त झेरॉक्स होत्या.

अंतिम यादीत नाव आलं नाही. तरी आठवडाभरात व्हॉट्सॲपवर पत्र आलं: मरोळच्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हा. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, सोबत सामानाची यादी. आईने लोखंडी ट्रंक आणून तिच्यावर रंगाने नाव घालून घेतलं. मग मागणी आली, गणवेश आणि मेसचं डिपॉझिट पंचेचाळीस हजार, लगेच पाठवा.

इथे मात्र मला शंका आली. निवड यादीत नाव नाही, वैद्यकीय तपासणी नाही, चारित्र्य पडताळणीला पोलीस ठाण्यातून कुणी आलं नाही, मग ट्रेनिंगचं पत्र आलं कुठून? शिपायाचं प्रशिक्षण साधारण नऊ महिन्यांचं असतं आणि त्या काळात पोराला पगार मिळतो. रुजू होण्याआधी कुणाच्या तरी खात्यावर डिपॉझिट भरायला सांगणारं ते कसलं सरकारी खातं! पत्र घेऊन आम्ही मरोळला गेलो. गेटवरच्या हवालदारांनी ते एकदा वाचलं आणि म्हणाले, "ताई, यावर जावक क्रमांकसुद्धा नाही. थेट पोलीस ठाण्यात जा."

आम्ही तक्रार करणार हे कळल्यावर तो माणूस भावाला म्हणाला, "लाच देणाराही गुन्हेगार असतो. तूच आत जाशील, रेकॉर्ड खराब होईल." या एका धमकीवर त्याचा सगळा धंदा चालतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे हे खरं, म्हणून आम्ही आधी वकिलांना भेटलो. पण खोटं पत्र पाठवून पैसे उकळणं ही सरळ सरळ फसवणूक आहे, आणि तशी तक्रार आम्ही दिली आहे. चॅट, कॉल रेकॉर्डिंग, ते पत्र, सगळं जोडलंय. तुमच्याकडे असेल ते काहीही डिलीट करू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर एक तासही न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. खरोखरच एखादा सरकारी नोकर पैसे मागत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ आहे.

मार्कशीटच्या दुय्यम प्रतीसाठी आम्ही वाशीच्या बोर्डात अर्ज केलाय, जातवैधतेसाठी समितीकडे. त्याच मैदानावरची आणखी काही पोरं यात अडकली आहेत. घरी कळेल, लोक हसतील म्हणून ती गप्प आहेत. पोरांनो, तुमचे कागदही त्याच्याकडेच आहेत. येऊन जबाब द्या, मी तुमच्याबरोबर पोलीस ठाण्यात येते.