तटबंदीचे डिजिटल प्रतिमान: फोटोग्रामेट्री की लेझर स्कॅनिंग?

ऐतिहासिक तटबंदीच्या संवर्धनासाठी डिजिटल प्रतिमान, म्हणजे संगणकावरील त्रिमितीय प्रतिकृती, करून घ्यायचे ठरले की पहिला पेच पडतो तो पद्धतीचा: छायाचित्रांवरून आकार काढणारी फोटोग्रामेट्री की लेझर किरणांनी अंतर मोजणारे स्कॅनिंग? ही निवड यंत्राच्या किमतीवरून किंवा पडद्यावर दिसणाऱ्या देखणेपणावरून न करता, भिंतीविषयी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, यावरून करावी.

दरजांमधून निघून गेलेला चुना, क्षारांचे पांढरे डाग, नंतरच्या डागडुजीतले वेगळ्या रंगाचे दगड, असे सगळे नोंदवायचे असेल तर फोटोग्रामेट्रीच सरस ठरते. तीत एकमेकांवर साधारण 60 ते 80 टक्के चढणाऱ्या छायाचित्रांवरून आकार काढला जातो आणि ड्रोनमुळे चर्या व बुरुजांचे माथेही टिपता येतात, जे जमिनीवर उभ्या केलेल्या स्कॅनरला दिसतच नाहीत. शिवाय जुन्या छायाचित्रांचाही उपयोग होतो. इराणमधील बमचा मातीचा किल्ला 26 डिसेंबर 2003 च्या भूकंपात कोसळल्यावर त्याची संगणकीय पुनर्रचना अशाच जुन्या छायाचित्रांच्या व नकाशांच्या आधारे झाली. पडून गेलेली भिंत कोणत्याही स्कॅनरला मोजता येत नाही.

मात्र तटाला पोट आले आहे का, हा प्रश्न असेल तर सावध राहावे लागते. लांबलचक, सपाट तटाची छायाचित्रे केवळ समोरून, समांतर चालत घेतली आणि भिंगाच्या विरूपणाचे गणित किंचित चुकले, तर सरळ भिंतही प्रतिमानात कमानीसारखी वाकलेली दिसते. ज्या फुगवट्याच्या शोधात आपण निघालो तोच फुगवटा पद्धतीने पदरात टाकला, तर चांगला तट उकलण्याचा निर्णय होऊ शकतो. तिरक्या कोनातील छायाचित्रे आणि टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राने) मोजलेले नियंत्रण बिंदू, म्हणजे अचूक स्थान ठाऊक असलेल्या खुणा, हाच यावरचा उपाय आहे.

लेझर स्कॅनर प्रत्येक बिंदूचे अंतर थेट मोजतो, त्यामुळे माप निराळे ठरवावे लागत नाही. एका स्थानावरून होणाऱ्या मोजणीतली चूक बहुधा काही मिलिमीटरांत राहते, आणि अंधाऱ्या भुयारात किंवा दारूकोठारातही काम होते. परंतु एकामागून एक स्कॅन जोडत लांब तटाच्या टोकापर्यंत गेल्यास जोडणीतल्या बारीक चुका साठत जातात, म्हणून स्कॅनची फेरी पुन्हा मूळ स्थानी आणून पूर्ण करणे आवश्यक असते. तट झाडोऱ्याने झाकलेला असेल तर फोटोग्रामेट्रीला फक्त पाने दिसतात. हवाई लायडारचे, म्हणजे आकाशातून केलेल्या लेझर स्कॅनिंगचे, काही किरण फटींतून खाली पोहोचतात, तरी दाट वेलींमागचा दगड त्यालाही क्वचितच सापडतो.

माझ्या मते भिंतीची हालचाल तपासायची असल्यास लेझरला आणि पृष्ठभागाची झीज नोंदवायची असल्यास फोटोग्रामेट्रीला प्राधान्य द्यावे. मोठ्या किल्ल्यावर दोन्ही एकत्र वापरणे श्रेयस्कर. एचबीआयएमकडे, म्हणजे 2009 पासून रूढ झालेल्या, ऐतिहासिक वास्तूच्या माहितीयुक्त प्रतिमानाकडे, मूळ मोजणी हाती आल्यावरच वळावे, कारण त्यात भिंतीला ठोकळ्याचे रूप देताना तिचा कलच पुसला जाण्याची भीती असते.

काही वर्षांनी पुन्हा मोजणी करून तुलना करायची असेल तर नियंत्रण बिंदू हलणाऱ्या तटावर नव्हे, तर बाहेर पक्क्या खडकावर कायमचे रोवावेत. तयार प्रतिमानाबरोबरच मूळ छायाचित्रे, बिंदूंचे सहनिर्देशक आणि ई57 सारख्या खुल्या फाइल-स्वरूपातील कच्चे स्कॅनही आपल्या ताब्यात मिळतील, अशी अट करारात आधीच घालावी.