रंगाखालची जीप : एमएम ५४० दुसऱ्यांदा बांधल्यानंतरचे अकरा महिने

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पावसजवळच्या बागेतून हापूसच्या अठरा पेट्या घेऊन जांभ्याची घाटी चढत असताना माझ्या महिंद्राच्या एमएम ५४० जीपचा मागचा डावा पाटा (स्प्रिंगच्या पट्ट्या) हँगरसकट, म्हणजे त्याला धरणाऱ्या कंसासकट, चासीतून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून) उपटून आला. पाटा शाबूत होता, शॅकल (पाट्याची झुलती कडी) शाबूत होते, बोल्टही शाबूत होते. हँगर ज्या लोखंडाला धरून होता ते लोखंडच उरले नव्हते. तिथला पत्रा मी बोटांत धरून दाबला तेव्हा त्याचे तांबूस पापुद्रे होऊन खाली पडले आणि बाहेरचा हिरवा रंग तेवढा अखंड हातात राहिला. या रंगासाठी त्याच्या दीड वर्ष आधी मी २ लाख ८५ हजार रुपये मोजले होते.

त्या कामाला ‘फुल रिस्टोरेशन’ असे नाव होते. गॅरेज घाटावरचे आहे, नाव लिहीत नाही. नवे हूड (छत), नव्या सीटा, रुंद टायर, एलईडी दिवे आणि आरशासारखा रंग एवढे मिळाले, आणि खरे सांगायचे तर पहिले सहा महिने मीही खूश होतो. टब, म्हणजे बॉडीचा पत्र्याचा सांगाडा, चासीवरून उचललाच नव्हता हे नंतर कळले, कारण दोहोंमधली रबरे मूळचीच, दगडासारखी झालेली निघाली. फोन केला तेव्हा ‘साहेब, तुमच्याकडे खारी हवा आहे, त्याला आम्ही काय करणार’ असे उत्तर आले. खारी हवा त्यांनी बिल करण्याआधीही होतीच, आणि गाडी कुठली हे एमएच ०८ पाहून कोणालाही समजले असते.

मग गाडी इथल्याच एका जुन्या मेस्त्रींकडे दिली. त्यांनी टब उचलून बाजूला ठेवला, चासी धुतली आणि हातोडी घेऊन पुढच्या बंपरपासून मागच्या आडव्या पट्टीपर्यंत वीत वीत अंतरावर ठोकत गेले. जिथे ‘टण’ वाजले तिथे ते पुढे सरकले, जिथे ‘भद’ वाजले तिथे खडूने फुली मारली. उजव्या बाजूला चार फुल्या पडल्या, डाव्या बाजूला अकरा. (पडवीत गाडीची डावी बाजू समुद्राकडे असते, म्हणून असे झाले हा माझा तर्क; मेस्त्रींना तो पटलेला नाही.) वाळूचा मारा करून चासी उघडी केल्यावर फुल्यांच्या जागी काही ठिकाणी आरपार दिसू लागले. कुजलेला भाग कापून तितक्याच जाडीचा पत्रा बसवला, आणि त्यावरच्या जोडपट्ट्या चौकोनी न ठेवता शंकरपाळ्याच्या आकारात कापल्या. कारण वेल्डिंगची रेघ चासीच्या लांब दांडीला सरळ आडवी गेली तर वजनाखाली चासी नेमकी त्याच रेघेवर तडकते.

आता मुख्य मुद्दा, ज्यावरून घरचे मला हसतात : भोके. चासीची दांडी काही ठिकाणी पेटीसारखी बंद असते आणि आत शिरलेले पाणी व लाल माती बाहेर पडावी म्हणून तिच्या तळाला भोके असतात; तशीच टबच्या तळालाही असतात. पहिल्या गॅरेजने ही भोके पत्रा सपाट दिसावा म्हणून पुट्टीने बुजवून वर रंग मारला होता. जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा दमटपणा असतो, तिथे चासीचा हंडा करून ठेवण्यासारखेच हे झाले. एकेका भोकाला फार तर अर्धा चमचा पुट्टी लागली असेल. माझ्या २ लाख ८५ हजारांपैकी सर्वांत महागात पडलेला माल तोच. मेस्त्रींनी चौदा भोके मोकळी केली आणि प्रत्येकात तांब्याने पाणी ओतून ते खाली पडताना मला दाखवले.

पहिल्या गॅरेजची दुसरी करामत स्टिअरिंगमध्ये सापडली. ताशी ४५-५० वेगात खड्डा लागला की पुढची चाके थरथरत. त्यावर त्यांनी डॅम्पर (धक्के शोषणारा दांडा) बसवून थरथर दाबली होती. खरे कारण किंगपिनची, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते तिची, झिजलेली बेअरिंगे होते. मेस्त्रींनी ती बदलली आणि नकल (चाक धरणारा वळता सांधा) किती ताणावर वळतो हे मासळीवालीकडून आणलेल्या ताणकाट्याने मोजत एकेक शिम (पातळ चकती) घालून-काढून बसवली. डॅम्पर काढून टाकला आहे. थरथर परत आलेली नाही. टायरही पुन्हा अरुंद घातले, स्टिअरिंग हलके झाले.

एका बाबतीत मात्र मला माझेच मत बदलावे लागले. मेस्त्री नको म्हणत असताना मी ९ हजार रुपये देऊन खालून जाड रबरी कोटिंग मारून घेतले होते आणि पावसाळ्याआधी हा अनुभव लिहिला असता तर त्याची स्तुतीच केली असती. ऑगस्टमध्ये मागच्या चाकाजवळ कोटिंग फुगलेले दिसले. टोचल्यावर आतून तांबूस पाणी आले. खडी उडून एक टवका गेला होता आणि तिथून शिरलेले पाणी कोटिंगखाली कोंडून बसले होते. तीन दिवस खरवडून ते काढले. आता इपॉक्सी प्रायमर, वर साधा रंग आणि पोकळ भागांत मेणाचा फवारा एवढेच आहे. जळके ऑईल मारायची जुनी पद्धत मी टाळली, कारण पाट्यांची रबरी बुशे त्याने फुगतात.

प्यूजोच्या २११२ सीसी इंजिनाबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. सकाळी हीटरने आधी गरम केल्याशिवाय ते सुरू होत नाही, पण तो त्याचा मूळ स्वभाव आहे. लिटरला ११-१२ किलोमीटर मिळतात, आणि लो गिअरमध्ये भरल्या पेट्यांसह तीच घाटी ॲक्सिलरेटरला न दुखवता चढते. दुसऱ्या कामाला ३ लाख ४० हजार रुपये लागले. पहिले २ लाख ८५ हजार जीपच्या खात्यात धरायचे की माझ्या, यावर घरात एकमत नाही.

गाडी धुऊन झाल्यावर मी माडाच्या झावळीचा हीर घेऊन चौदाही भोके टोकरतो. तेरा भोके लगेच वाहतात. मागच्या उजव्या कोपऱ्यातले तेवढे थेंब-थेंब गळते. आत वेल्डिंगचा गोळा अडकला असावा. दिवाळीनंतर तिथे ड्रिल मारू, असे मेस्त्री म्हणाले आहेत.