मोठं चाक बसेल का: आधी गणित की थेट चाक लावून बघायचं?

मित्र कारची १५ इंची चाकं काढून १६ इंची घ्यायच्या विचारात आहे. गणित करू की एक चाक कुणाकडून तरी मागून आणून लावून बघू, यात अडकलाय.

गणिताला खर्च शून्य. १९५/६५ आर १५ (१९५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) टायरचा व्यास ६३४.५ मिमी, २०५/५५ आर १६ चा ६३१.९. जवळपास तेवढाच, म्हणजे स्पीडोमीटरही बिघडत नाही. तेच २१५/६० आर १६ घेतलं तर ६६४.४ मिमी: काटा १०० दाखवताना गाडी साधारण १०५ ने पळणार. पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), मधल्या भोकाचं माप, ऑफसेट (चाकाच्या मध्यापासून ते गाडीला टेकतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) हेही कागदावरच कळतं. ऑफसेट ४५ चा ३८ झाला की चाक ७ मिमी बाहेर येतं.

पण टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासेल का, हे गणित सांगत नाही. त्यासाठी चाक लावायचं, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचं, मागे माणसं बसवून खड्ड्यातून गाडी न्यायची. रिकाम्या, उभ्या गाडीवरची चाचणी मला अजिबात पटत नाही. मेहनत आहेच, चाकही मिळवावं लागतं.

व्यास तोच ठेवून ऑफसेट आणि रुंदी मूळ चाकाच्या जवळपास असेल तर गणित पुरे. टायर उंच किंवा रुंद हवा असेल, तर पैसे देण्याआधी चाक लावून बघाच.