ईई-८ फील्ड टेलिफोन : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव (आणि त्या खटक्याबद्दल)

ऐन पावसाळ्यात एका सेटचा आवाज गेला, आणि दुरुस्तीवाला म्हणाला, "फेकून द्या, आठशेत इंटरकॉम येतो." त्या रागात हे लिहायला घेतलंय.

सेटची ओळख करून देत नाही. दोन मोठे सेल, हँडल, घंटी, लाइनच्या दोन तारा जोडायची टोकं (एल-१, एल-२) आणि चामडी पेटी. अमेरिकन फौजेनं दुसऱ्या महायुद्धापासून पार व्हिएतनामपर्यंत वापरलेला नग, म्हणजे परळच्या तीन मजल्यांना घाबरणार नाही, एवढाच हिशोब होता. जोडी हिवाळ्यात चोरबाजारातून घेतली. बारा हजार सांगितले, साडेनऊला सुटली. "दोन्ही चालू कंडिशन" ही विक्रेत्याची बोली. त्याचा अर्थ घंटी वाजते, एवढाच निघाला.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. अप्पा तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर. अप्पा फौजेच्या सिग्नल्समधले, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या दळातले. बासष्टच्या लढाईनंतर भरती, जबलपूरला ट्रेनिंग, एकाहत्तरला पश्चिम सीमेवर लाइन टाकायच्या कामावर. आता कान कमी आणि मोबाइलशी उभा दावा. सेट बघून म्हणाले, "आमचा हा नव्हता, पण भावकीतला हाय."

आता खटका. रिसिव्हरच्या दांड्यावर आतल्या बाजूला एक पट्टी आहे. ती दाबली तरच माइक चालू, सोडली की बंद. ऐकायला दाबावी लागत नाही. पहिले काही आठवडे मला हा शुद्ध मूर्खपणा वाटला. अप्पांची बोटं आखडलेली, बोलता बोलता पकड ढिली होते आणि वाक्य अर्ध्यात तुटतं. "दुपारी जेवायला..." पुढे शांतता. येताय की नाही? शेवटी मीच तीन जिने उतरायचो. मग पैसे कशाचे दिले? पट्टी रबरबँडनं कायमची बांधून टाकावी असंही डोक्यात आलं. सेल महिन्यात झोपले असते, तेवढ्यासाठी हात आवरला. माइकला करंट फक्त पट्टी दाबल्यावर मिळतो, त्यामुळे जानेवारीत घातलेले सेल मे उलटला तरी चालू होते. घंटीला तर सेल लागतच नाहीत, ती हँडलच्या जनरेटरवर वाजते. कंजूस माणसाला एवढं पुरेसं होतं. खटक्याला तेव्हा मी नाइलाजानं माफ केलं.

वायर लोहार चाळीतून आणलेली, साधी घंटीची. अप्पांनी ती दोन बोटांत धरून ओढली आणि तोंड वाकडं केलं. फौजेच्या डब्ल्यूडी-१ वायरमध्ये एकेका पदरात चार तारा तांब्याच्या आणि तीन पोलादाच्या असतात. तांबं करंटसाठी, पोलाद ओढाताणीसाठी. आमची नुसतीच मऊ. जिन्याच्या कठड्यावरून नेली, त्यावर सोसायटीत जे बोलणं झालं ते इथे नको.

मार्चमध्ये रंगकाम निघालं आणि लाइन बंद पडली. मी मल्टिमीटर शोधत होतो, तेवढ्यात अप्पांनी हँडलचे दोन फेरे मारले. "हलकं फिरतंय. ओपन हाय, तुटलीय कुठंतरी." दोन तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर हँडल जड झालं असतं. मग हट्टानं स्वतः जिना चढले, वायर मुठीतून सोडत, डोळे न लावता. सीमेवर रात्री असंच करायचे म्हणे. टॉर्च लावायची सोय नाही, वायर हातातून सरकवत चालायचं; टोक हातातून निसटलं की खाली बसून अंधारात दुसरं टोक चाचपडायचं. जोडलं की सेट लावून आधी मागं बोलायचं, मग पुढं. बहुतेक वेळा दोषी आपलाच रणगाडा नाहीतर ट्रक. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर रंगाऱ्याची शिडी निघाली.

कल्याणचे त्यांचे मित्र येतात, ते वायरलेस ऑपरेटर होते. त्यांच्या मते हे टेलिफोनचं हँडल म्हणजे पोरखेळ. त्यांच्या काळी सेटचा जनरेटरच हातानं फिरवायचा. शेजारचा ऑपरेटर मोर्स पाठवायला लागला, की त्यानं मोर्सची कळ दाबल्याबरोबर हँडल जड व्हायचं, सोडली की हलकं. मेसेज किती लांबला ते फिरवणाऱ्याला दंडातच कळायचं. नव्या पोराला टेलिफोन लाइनची उघडी टोकं धरायला देऊन हँडल मारायची खोड मात्र दोघांच्याही युनिटात होती. दोन सेल मिळून ३ व्होल्टच, पण घंटीच्या जनरेटरचा झटका चांगला बसतो. घरात लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा.

वायरलेसच का नाही घेतला, असं दोघातिघांनी विचारलं. एकोणीस नंबरचा सेट कोणी दाखवला होता, कॅनडात बनलेला, रशियाला जाणाऱ्या मालासाठी पॅनेलवर रशियन अक्षरंही असलेला. बघायला झकास. पण तो मुळात रणगाड्यातला, १२ व्होल्ट मागतो आणि हवेत बोलायचं तर लायसन्स लागतं. तीन मजल्यांसाठी एवढा कुटाणा कोण करतो?

जुलैत पेटीच्या चामड्यावर बुरशी आली. पुसली, विषय संपला. पण अप्पांच्या सेटवरून आवाज येईना. लॅमिंग्टन रोडच्या त्या दुरुस्तीवाल्यानं माइक उघडून हलवला आणि "कार्बन गेला" म्हणून निकाल दिला. माइकमधले कार्बनचे दाणे ओलीनं चिकटून बसतात हे खरं, पण माइक हातावर आपटला की बऱ्याचदा ते मोकळे होतात, आणि हा आपटूनही बोलेना. मग घरी दांडाच उघडला. खटक्याखालच्या पट्ट्यांवर हिरवट थर. बारीक पॉलिश पेपर, थोडा स्पिरिट, आणि "हॅलो" असं कडाडलं की पोरगी दचकली.

खटक्याबद्दलचं मत खरं बदललं ते अनंत चतुर्दशीला. परळ-लालबाग त्या दिवशी कसं असतं ते सांगायला नको. खाली ढोल-ताशे, गर्दीत मोबाइलला नेटवर्क नाही, आणि अप्पांना औषधाची वेळ विचारायची. त्यांनी हँडल मारलं. मी पट्टी दाबून धरूनच ऐकत होतो आणि काही म्हणता काही कळेना. "सोड खटका!" एवढं ऐकू आलं. सोडला, आणि त्यांचा आवाज स्वच्छ. पट्टी दाबलेली असताना आपल्याच माइकमधून ढोल आपल्याच कानात शिरत होता. रात्री म्हणाले, "आरं, तोफा चालू असताना काय ऐकणार? त्याच्यासाठीच हाय ती." हे डिसेंबरात सांगितलं असतं तर माझी एवढी चिडचिड वाचली असती, पण विचारलं कोणी होतं, हा त्यांचा प्रश्न.

घेणार असाल तर घंटीवर भाळू नका, ती मेलेल्या सेटचीही वाजते. दोन सेल सोबत न्या, दुकानातच जोडा, खटका दाबून माइकवर फुंकर मारा. स्वतःच्या कानात ती ऐकू आली पाहिजे. पेटीच्या तळाशी सेलचं पाणी गळल्याचे डाग असतील तर हजार तरी कमी करा. रोजचे दोन कॉल असतील तर इंटरकॉम स्वस्त पडेल, हे त्या दुरुस्तीवाल्याचं म्हणणं हिशोबानं चूक नाही.

त्याच विक्रेत्याकडे तिसरा सेट आहे, सुट्या भागांसाठी. तो साडेतीन म्हणतो, मी दोन म्हटलंय, खटका बघून.