भुताशी भांडायचंय की धुक्यात हरवायचंय?

जुन्या हॉलिवूडचा भुताचा पण घाबरवणारा नाही असा हळवा पिक्चर बघायचाय आणि रात्र एकच मोकळी आहे, तर 'द घोस्ट अँड मिसेस म्यूर' (१९४७) लावायचा की 'पोर्ट्रेट ऑफ जेनी' (१९४८)? मी आधी जेनी लावला होता, तोही जेवून, आडवं पडून, हातात फोन घेऊन, आणि विसाव्या मिनिटाला झोपले. त्यात पिक्चरचा दोष कमी आणि माझा जास्त होता, पण तुमचं तसं होऊ नये म्हणून सांगतेय.

दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट, दोन्हीत न जुळणाऱ्या काळातली प्रेमकथा. साम्य इथंच संपतं.

म्यूरची गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधली. लूसी म्यूर ही तरुण विधवा सासू-नणंदेच्या कचाट्यातून निघून, मुलीला आणि कामवाल्या मार्थाला घेऊन समुद्राकाठी घर भाड्याने घेते, आणि घराचा मेलेला मालक कॅप्टन ग्रेग तिथेच ठाण मांडून बसलेला. बाई घाबरते का? थोडी. वादळी रात्री ती स्वयंपाकघरात पाणी तापवायला जाते, दिवा विझतो, आणि ती किंचाळायच्या ऐवजी अंधारालाच झापते की बायकांना घाबरवण्यापलीकडे काही येतं का तुम्हाला, तर अंधारातून उलट तिलाच दम मिळतो की मेणबत्ती लाव! इथून पुढे जे चालतं ते भूतबाधा कमी आणि मालक-भाडेकरूचं भांडण जास्त. कॅप्टन झालेल्या रेक्स हॅरिसनचं भूत आरपार दिसत नाही, धुरातून येत नाही, नुसतं खोलीत उभं असतं. दिग्दर्शक मॅनकिविक्झने कॅमेऱ्याची जादू जवळजवळ वापरलेलीच नाही आणि मला वाटतं म्हणूनच आपण भुतावर इतक्या पटकन विश्वास ठेवतो.

माझा लाडका सीन टायपिंगचा. पैसे संपतात तेव्हा कॅप्टन तिला स्वतःच्या आठवणी सांगतो, ती टाइप करते आणि एका शिवीपाशी अडते. तो हटत नाही. शेवटी ती नाक मुरडून एका बोटाने टक, टक, टक, टक. चार अक्षरं. शब्द आपल्याला ऐकू येत नाही, तेव्हाच्या सेन्सॉरमुळे येणारही नव्हता, पण सगळ्यांना कळतो. माझी आई, जिला इंग्लिश पिक्चर म्हणजे डोक्याला ताप वाटतो, ती इथे खळखळून हसली.

आणि संगीत बर्नार्ड हर्मनचं, ज्यानं पुढे 'सायको'मधल्या न्हाणीघराच्या सीनला त्या किंचाळणाऱ्या व्हायोलिन दिल्या तोच, इथे लाटांसारखं येत-जात राहतं.

आता जेनी. १९३४ च्या हिवाळ्यातलं न्यूयॉर्क, कडकीत असलेला चित्रकार एबन, ज्याची चित्रं नीटनेटकी आहेत पण त्यात जीव नाही हे त्याला गॅलरीवाली म्हातारी मिस स्पिनी तोंडावर सांगते (एथेल बॅरिमोर, ती आली की पिक्चर सरळ बसतो). मग सेंट्रल पार्कच्या बर्फात त्याला जुन्या पद्धतीच्या कपड्यातली जेनी नावाची एक मुलगी भेटते, आणि ती कधीचं पाडून टाकलेलं थिएटर अजून चालू असल्यासारखं बोलते. पुढच्या वेळी भेटते तेव्हा मोठी झालेली. त्याच्या पुढच्या वेळी अजून मोठी. जेनिफर जोन्स तेव्हा तिशीकडे झुकलेली, त्यामुळे तिला छोटी मुलगी म्हणून स्वीकारायला जरा त्रास होतो, मला तरी झाला. सुरुवातीचं ढगांवरचं निवेदनही फारच भारदस्त, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या प्रमुख पाहुण्यांसारखं.

पण दिसतो काय हा पिक्चर! मधेच अख्खं शहर कॅनव्हासवर रंगवल्यासारखं दिसतं, पडद्यावर कापडाची वीण उमटते. खूपसं शूटिंग खऱ्या न्यूयॉर्कमध्ये झालंय म्हणून थंडी खरी वाटते. कॅमेरामन जोसेफ ऑगस्ट काम चालू असतानाच गेला आणि त्याला ऑस्करचं नॉमिनेशन मरणोत्तर मिळालं. शेवटच्या वादळात पडदा हिरवा होतो (त्या इफेक्ट्सना ऑस्कर मिळालं) आणि अगदी शेवटी काही सेकंद पूर्ण रंग येतो, कशासाठी ते सांगत नाही. तुमच्या प्रिंटमध्ये वादळ हिरवं नसेल तर दुसरी प्रिंट शोधा, ती अर्धी मजा आहे. निर्माता सेल्झनिकने यात पैसा ओतला आणि पिक्चर आपटला.

गोष्ट म्हणून बघाल तर जेनी कच्चा आहे, एबन तिच्यासाठी झुरतो म्हणजे नक्की कोणासाठी हे धड कळत नाही, तर लूसी आणि कॅप्टन ही दोन माणसं (बरं, दीड माणसं) मला शेजारी राहिल्यासारखी ओळखीची वाटतात.

म्हणजे घरच्यांसोबत, सबटायटल्स लावून, मधे चहाला उठत बघणार असाल तर म्यूर, डोळे झाकून. १०४ मिनिटं आहे पण जाणवत नाहीत. जेनी जेमतेम ८६ मिनिटांचा असून लांब वाटतो, तो एकट्याने, दिवे घालवून, शक्य तेवढ्या मोठ्या स्क्रीनवर बघा. दुसऱ्यांदा मी तसाच बघितला आणि या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला होता.