नेली, गालावरची पट्टी आणि ९०० रुपयांची डिस्क

परवा वाशीतल्या एका दुकानातून 'एनबीए स्ट्रीट व्हॉल्यूम टू' या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमची पीएस टूची (प्लेस्टेशन टू) ओरिजिनल डिस्क ९०० रुपयांना घेतली. "एकदम क्लीन पीस आहे, दादा," दुकानदार म्हणाला. नौपाड्यात घरी येऊन ट्यूबलाइटखाली धरली तर चांगला बोटभर ओरखडा. रकर पार्कचं मैदान निवडलं की लोडिंग अडकतं. डिस्क काढायची, बनियनला पुसायची, पुन्हा टाकायची. दुकानाला पाचातले दोन. गेमला साडेचार, आणि अर्धा मी उगाच कापलाय.

२००३चा गेम. तिघांविरुद्ध तिघे, २१ गुणांची मॅच. साधी बास्केट एक गुण, लांबून मारली तर दोन. समोरच्याला नाचवत, चकवत बॉल काढला की मीटर भरतो आणि गेमब्रेकर नावाचा खास शॉट मिळतो. तो बसला की आपले गुण वाढतात, वर समोरच्याचे कापले जातात! पाच गुणांनी पुढे असलेला माझा मावसभाऊ यापायी दोनदा रिमोट आदळून उठलाय.

पण आम्हाला वेड लावलं ते नेलीने. रॅपर नेली आणि त्याच्या सेंट लुनॅटिक्स या रॅप ग्रुपमधले दोस्त यात खेळाडू म्हणून घेता येतात. बास्केटबॉलमधलं आम्हाला ओ का ठो कळत नव्हतं, पण गाणी टीव्हीवर पाठ झालेली. नेली तेव्हा तुरुंगातल्या मित्रासाठी गालावर पट्टी लावायचा. हे कळल्यावर भाऊ तशीच पट्टी लावून क्लासला गेला. मावशी आठवडाभर विचारत होती, "अरे, कुठे धडपडलास?" बास्केटबॉलचा बादशहा मायकेल जॉर्डनही आहे गेममध्ये. त्याच्या डोक्यावरून नेलीने डंक मारला, म्हणजे उडी घेऊन बॉल थेट बास्केटमध्ये कोंबला, की जे वाटतं, ते जॉर्डन घेऊन खेळताना वाटत नाही.

हौसेने लॅपटॉपवर १९९५चा 'रॅप जॅम: व्हॉल्यूम वन' हा रॅपर्सचा बास्केटबॉल गेमही खेळून पाहिला. कूलिओ, एलएल कूल जे, क्वीन लतिफा, सगळी बडी मंडळी. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. कुणालाही घ्या, हातात फरक जाणवत नाही. खेळण्यापेक्षा ठोसेच जास्त. वीस मिनिटांत बंद केला.

या डिस्कसोबत मेमरी कार्ड नवीन घेतलंय, त्यामुळे जुन्या कार्डावर खेळून उघडलेला नेली पुन्हा कुलपात. जुनं कार्ड भावाकडे आहे, कळव्याला. शनिवारी आण म्हटलंय, तर म्हणतो, "आधी १९-१४ची ती मॅच परत खेळायची."